पंडिता रमाबाई आणि आमच्या घरातले कान

(द्वितीय वर्ष, कला)

थोरांची चरित्रे वाचताना आपण बहुधा त्यांनी काय काय केले याचीच यादी मनात करीत जातो. त्यांना काय करता आले नाही याकडे आपले लक्ष जात नाही. निदान माझे तरी जात नव्हते. गेल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेसाठी मराठीच्या बाईंनी मला पंडिता रमाबाई हा विषय दिला. ग्रंथालयातून चरित्र घेतले आणि हिंजवडीहून महाविद्यालयात जाता-येता बसमध्ये वाचू लागले. संस्कृतच्या विदुषी, स्त्रीशिक्षणासाठी झटलेल्या समाजसेविका, एवढी त्यांची ओळख शाळेच्या पुस्तकातून झालेली होती. पण एके ठिकाणी असे वाचले की, डॉक्टर होण्याच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या आणि कान अधू असल्यामुळे त्यांना तो विचार सोडून द्यावा लागला. मी तेथेच पुस्तक मिटले. वाकडचा चौक केव्हा मागे पडला ते मला कळलेच नाही.

त्याचे कारण आमच्या घरात आहे. माझ्या वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. शेती सुटल्यावर ते चाकणच्या बाजूला एका कारखान्यात लागले आणि २२ वर्षे प्रेसवर काम करीत आले. पत्र्यावर घाव पडतो, तुकडा निघतो, पुन्हा घाव पडतो, असे पाळीभर चाललेले असते. आप्पांचे कान एका दिवसात गेले नाहीत. आधी पाठीमागून मारलेली हाक ऐकू येईना, मग दूरदर्शनचा आवाज वाढला, मग साखर म्हटले की ते भाकर समजू लागले. माझा बारावीचा निकाल लागला त्या दिवशी मी धावत जाऊन पास झाल्याचे त्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि बसच्या पासाचे पैसे माझ्या हातावर ठेवले. धाकटा भाऊ मोठ्याने हसला. मीही हसले, हे आज लिहिताना लाज वाटते. त्यानंतर आप्पा हळूहळू बोलेनासे झाले. घरी कोणी आले तर ते ओट्यावर जाऊन बसत. आम्हीही त्यांना काही सांगायचे सोडून दिले, कारण सांगायचे म्हणजे ओरडायचे, आणि ओरडले की भांडण होई.

तेव्हा रमाबाईंचे चरित्र मी पुन्हा पहिल्या पानापासून वाचले, ते भाषणासाठी नव्हे. कान साथ देईनासे झाल्यावर एका बाईने काय केले, एवढेच मला पाहायचे होते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. स्त्रीने संस्कृत शिकणे हे पाप समजले जाण्याच्या त्या काळात त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले. त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. गावोगावी पुराणे सांगायची आणि मिळेल त्यावर गुजराण करायची, असे त्यांचे जीवन होते. रमाबाई शिकण्याच्या वयाच्या झाल्या तोवर वडील थकले होते. म्हणून आईने त्यांना शिकविले. वयाच्या आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत ही शाळा चालली. आई पहाटे मुलीला उठवी, श्लोक म्हणे आणि मुलगी तो ऐकून पाठ करी. अशा रीतीने भागवताचे हजारो श्लोक, व्याकरण आणि कोश त्यांना मुखोद्गत झाले. ही सगळी विद्या पोथीइतकीच कानांवाटे आत गेली, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

१८७४ मध्ये दुष्काळाच्या दिवसांत वडील गेले, पाठोपाठ आई गेली आणि काही दिवसांनी थोरली बहीणही गेली. सोळा वर्षांच्या रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास एवढेच उरले. दोघांनी उपाशीतापाशी, थंडीवाऱ्यात हजारो मैल पायी प्रवास केला. १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुण मुलीची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण सुखाचे दिवस थोडे होते. १८८० मध्ये बंधू वारले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीची बंधने मोडून विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ मध्ये पटकीने पती गेले. वयाच्या २३ व्या वर्षी कडेवर तान्हे मूल घेऊन ही विधवा पुण्यास आली.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली. आपल्या देशात स्त्रियांना स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर यांची नितांत गरज आहे, असे त्यांनी तेथे ठासून मांडले. पुरुष डॉक्टरला दाखवायचे नाही म्हणून बायका घरातच मरत असत, तो काळ होता. हे काम दुसऱ्या कोणी करावे असे म्हणून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. आपणच डॉक्टर व्हावे म्हणून १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या बोटीत बसल्या. इंग्लंडमध्ये वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठात त्या राहिल्या. तेथेच त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. पण ज्या कामासाठी समुद्र ओलांडला होता त्याच्या आड आले ते त्यांचे कान. वर्गातले व्याख्यान नीट ऐकू येत नसेल तर वैद्यकीचा अभ्यास कसा व्हायचा? तो दरवाजा बंद झाला.

येथे थोडे थांबून, कान अधू होतो म्हणजे काय होते हे सांगितले पाहिजे. मला ते कळले ते आप्पांना तपासायला नेले तेव्हा. तेथील श्रवणतज्ज्ञ बाईंनी कागदावर चित्र काढून समजावले आणि नंतर ग्रंथालयातली पुस्तके चाळून मी त्यात भर घातली.

आपल्या कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात केसासारखे सूक्ष्म तंतू असलेल्या पेशी असतात. एका कानात त्या १५ हजारांच्या आसपास. आवाजाची लाट आली की त्या हलतात आणि त्यांचा निरोप श्रवणाच्या मज्जातंतूतून मेंदूकडे जातो. या मज्जातंतूत सुमारे ३० हजार धागे असतात. वाटेत दोन-चार ठिकाणी निरोपाची छाननी होते आणि शेवटी तो कानशिलाच्या आतील बाजूस मेंदूच्या श्रवणकेंद्रात पोहोचतो. म्हणजे कान फक्त आवाज गोळा करतो, त्याचा अर्थ मेंदू लावतो. रोज ८ तास ८५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज वर्षानुवर्षे कानांवर पडत राहिला तर या पेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. सर्वांत आधी बारीक, उंच स्वराचे आवाज जातात. स, श, त, फ ही व्यंजने त्यातलीच. म्हणून माणसाला बोललेले ऐकू येते, पण शब्द कळत नाही. साखर आणि भाकर यांतला जो सारखा भाग, तेवढाच आत पोहोचतो.

मग मेंदू काय करतो? तो गप्प बसत नाही. ट्रान्झिस्टरवर दूरचे केंद्र नीट लागत नसले की आपण आवाजाची खुंटी पिळतो, तसे मेंदू करतो. आत येणारा निरोप क्षीण झाला की श्रवणाच्या वाटेवरील पेशी आपली संवेदना वाढवितात. पण खुंटी पिळली की गाण्याबरोबर खरखरही वाढते. आप्पांना रात्री कानात रातकिडे ओरडल्यासारखे वाटे. आम्ही तो भास समजत होतो. ती पुष्कळदा अशीच मेंदूने वाढविलेली खरखर असते. हळू आवाज मुळीच ऐकू येत नाही आणि मोठा आवाज एकदम डोक्यात जातो, तोही बराचसा याच गडबडीचा भाग. म्हातोबाच्या बगाडाला ढोल वाजू लागले की आप्पा उठून घरी का येतात, हे मला तेव्हा उमगले.

दुसरी गोष्ट याहून नवलाची. मेंदूत प्रत्येक उंचीच्या स्वराला आपली जागा ठरलेली असते. ज्या स्वरांचे निरोप येणे थांबते त्यांची जागा पडीक राहत नाही. शेजारच्या स्वरांच्या पेशी ती व्यापू लागतात, असे शास्त्रज्ञांना प्रयोगांत आढळले आहे. ऐकणे फारच कमी झाले तर डोळ्यांचे आणि स्पर्शाचे कामही त्या जागेत शिरते. आवाज न काढता नुसते हलणारे ओठ पाहिले तरी श्रवणकेंद्र जागे होते, असे १९९७ मध्ये मेंदूच्या चित्रणातून दिसून आले. आणि अर्धवट शब्द आला की मेंदू आपल्या साठ्यातून उरलेला भाग भरून काढतो. लहानपणी ज्याने भाषा भरपूर ऐकली आहे त्याचा हा साठा मोठा असतो. मात्र या अंदाज बांधण्यात फार कष्ट पडतात. दिवसभर असे ऐकून माणूस थकतो आणि थकला की लोकांतून उठून जातो. आप्पांनी माझ्या पास या शब्दाचा जो अर्थ लावला, तो वेंधळेपणा नव्हता. जूनच्या सुरुवातीला मुलगी धावत येऊन पास म्हणते तेव्हा बसचा पास आठवणे हा त्यांच्या मेंदूने बांधलेला अगदी योग्य अंदाज होता.

रमाबाईंच्या काळी मेंदूची अशी चित्रे काढण्याची सोय नव्हती. पण आजच्या ज्ञानाच्या उजेडात त्यांचे चरित्र वाचले की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. त्यांचे कान अधू झाले ते भाषा पूर्ण वसल्यानंतर. आईने पहाटे पहाटे कानात ओतलेले भांडार आत सुरक्षित होते. म्हणून वाणी स्पष्ट राहिली, स्मरण राहिले आणि नव्या भाषा डोळ्यांनी वाचून आत्मसात करता आल्या.

वैद्यकीचा नाद सोडून त्या १८८४ मध्ये चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात गेल्या. तेथे त्या गणित, शास्त्र आणि इंग्रजी शिकल्या आणि त्याच महाविद्यालयात संस्कृत शिकवू लागल्या. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या त्या एका खास प्रसंगासाठी. त्यांच्या नात्यातील आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या पदवीदानाला रमाबाई हजर होत्या. जी पदवी आपल्याला मिळायची होती ती आपल्या एका मुलीच्या हातात पाहताना त्यांच्या मनात काय आले असेल! मला तर हा त्यांच्या चरित्रातला सर्वांत कठीण दिवस वाटतो. आणि त्यानंतर त्यांनी जे केले ते पाहून मन नम्र होते. हंटर आयोगापुढे त्यांनी दोन गोष्टी मागितल्या होत्या, डॉक्टर आणि शिक्षिका. पहिली त्यांना होता आली नाही, तेव्हा त्या दुसरीच्या मागे लागल्या. लहान मुलांना हाताने वस्तू हाताळत, पाहत शिकविण्याची बालोद्यान पद्धत त्यांनी अमेरिकेत शिकून घेतली. 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' हे पुस्तक १८८७ मध्ये लिहिले आणि देशभर व्याख्याने देऊन आश्रमासाठी निधी जमविला. भर सभेत तासभर बोलणारी ही बाई समोरच्या माणसाचे बोलणे मात्र कष्टाने ऐकत होती!

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. आनंदीबाईंच्या पदवीचीच ती तारीख. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. केशवपन केलेल्या, घरच्यांना नकोशा झालेल्या कोवळ्या विधवांना तेथे अक्षर ओळखता येऊ लागले. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई याच सदनातल्या. १८९३ मध्ये धर्मांतराच्या संशयावरून पुण्यात कडाक्याचा वाद झाला आणि पुष्कळ मुलींना पालकांनी काढून नेले. पण काम थांबले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने मरणाऱ्या मुली आणि बायका घेऊन आल्या. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर मुक्ति सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजाराच्या आसपास गेली. शेती, विणकाम, छापखाना अशी सगळी कामे बायकाच करीत. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेऊन आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकविले. एका इंद्रियाचे काम दुसऱ्या इंद्रियाकडून करून घेता येते, हे या मायलेकींइतके कोणाला ठाऊक असणार?

उतारवयात रमाबाईंचे ऐकणे आणखी कमी झाले. त्या काळात त्यांनी हाती घेतले ते बायबलच्या मराठी भाषांतराचे काम, आणि तेही हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. कानांची गरज नसलेले, डोळ्यांचे आणि आत साठलेल्या भाषेचे हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. जुळणी आणि छपाई सदनातल्या बायकांनी केली. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. हा घाव सोसूनही त्यांनी भाषांतर पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे सगळे वाचून मी घरी पाहिले तर कपाटात आप्पांचे कानाचे यंत्र धूळ खात पडले होते. तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून ते घेतले होते. चार दिवस लावून आप्पांनी काढून ठेवले. भांड्याचा आवाज घणासारखा लागतो, असे ते म्हणत. आम्हाला वाटले, हट्टीपणा आहे. आईने तर पैसे पाण्यात गेले म्हणून महिनाभर ऐकवले. श्रवणतज्ज्ञ बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या की, यंत्र कानात बसते, पण त्याची सवय मेंदूला व्हावी लागते. वर्षानुवर्षे जे निरोप आले नाहीत ते एकदम आले की मेंदूला तो गोंधळच वाटणार. त्याला आठवडे, कधी महिनेही लागतात. त्यांनी यंत्राचा आवाज पुन्हा जुळवून दिला. सुरुवात शांत खोलीत, दिवसातून थोडा वेळ आणि ओळखीच्या शब्दांपासून करायला सांगितले.

ओळखीचे शब्द म्हणजे कोणते, याचा विचार मला फार करावा लागला नाही. आप्पा लहानपणी गावच्या भजनात टाळ धरून उभे राहत. हरिपाठ त्यांना तोंडपाठ आहे, तोही शाळेत न शिकता, ऐकून ऐकून. रमाबाईंच्या आईची पहाटेची शाळा मला आठवली. रोज संध्याकाळी दिवा लागला की मी त्यांच्यासमोर बसते, ते यंत्र लावतात आणि मी सावकाश हरिपाठ म्हणते. पहिल्या आठवड्यात ते कपाळाला आठ्या घालून ऐकत. मग एके दिवशी माझी एक ओळ चुकली आणि त्यांनी मला अडविले. चूक दाखविली म्हणून इतका आनंद मला कोणत्याही परीक्षेत झाला नाही. आता हरिपाठानंतर मी वर्तमानपत्र वाचते. अजून साखर आणि भाकर यांची गल्लत होते. पाव्हणे जमले, चार जण एकदम बोलू लागले की ते अजूनही ओट्यावर जातात. मेलेल्या पेशी परत येणार नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. पण घरात त्यांच्या पाठीमागून कोणी बोलत नाही. समोर येऊन, चेहऱ्यावर उजेड राहील असे उभे राहून, ओरडल्याशिवाय बोलायचे, हा नियम आता धाकट्या भावानेही पाळला आहे.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणांचे वडील, काका, भाऊ भोसरी, चिंचवड, चाकणच्या कारखान्यांत यंत्रांशेजारी उभे राहतात. आपल्या फीचे पैसे तेथून येतात. त्यांना कानात बोळे घालायला सांगा, वर्षातून एकदा कान तपासून घ्या, आणि कोणाचे ऐकणे कमी झालेच असेल तर त्याच्याशी बोलणे थांबवू नका. मेंदू शेवटपर्यंत वाट शोधत असतो, पण त्या वाटेवर कोणी बोलणारे तर हवे! रमाबाईंना शिकविणारी आई मिळाली, साथ देणारी लेक मिळाली. आप्पांना आम्ही उशिरा मिळालो.

माझा प्रथम वर्षाचा निकाल लागला तेव्हा मी आप्पांच्या समोर बसले आणि त्यांच्याकडे पाहत, सावकाश सांगितले. ते थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग याही वेळी त्यांनी खिशात हात घातला आणि भावाला पेढे आणायला पिटाळले.